तीन बोटं खाली

हिरामण म्हात्रे पेणकडच्या मिठागरातला माणूस. बाप आणि आजा दोघांचंही आयुष्य मिठात गेलं. हिरामणनं मात्र अठराव्या वर्षी फावडं ठेवलं आणि मोटारीच्या मागे लागला. स्वराज्य आलं त्या सुमाराला एक जुनी काळी मोटर घेऊन तो भाडी मारू लागला. आत सहा-सात माणसं, टपावर सुक्या मासळीच्या टोपल्या. एवढं ओझं सोसावं म्हणून त्यानं मागच्या चाकांवर लष्करी ट्रकच्या कमानी बसवल्या होत्या. कमान म्हणजे एकावर एक रचलेले पोलादी पाटे. गाडी भरली की सरळ चाले, रिकामी झाली की शेपटी वर. गावात तिला विंचूच म्हणत.

त्याची बायको कृष्णाबाई. पंचावन्न साली मिठाची टोपली डोक्यावर असताना ती बांधावरून घसरली आणि कंबरेतून गेली. तेव्हापासून ती पडूनच. तिचं माहेर दिघीच्या पलीकडे, डोंगर ओलांडून पाच कोस. तिथं तिची म्हातारी आई सखुबाई, डोळ्यांनी अधू, घर सोडून कुठं न जाणारी. दोघी मायलेकी जिवंत, आणि तीन वर्षं एकमेकींच्या नजरेला नाहीत.

कृष्णाबाईनं नवऱ्याकडे कधी हट्ट धरला नाही. पण तिकडचं कोणी आलं, की ती एकच विचारी, "आमची आये इहिरीवर एकलीच जाते का वो अजून?" आणि दिवेलागणीला नणंद काशी देवापुढे दिवा लावी, तेव्हा पडल्या पडल्या हात जोडून म्हणे, "हरिहरेश्वरा, एकदा."

ते 'एकदा' ऐकून ऐकून हिरामणला अन्न गोड लागेना. बैलगाडीचे हिसके तिला सोसणार नाहीत, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. म्हणून एके दिवशी त्यानं तिला फळीवरून उचलून मोटारीच्या मागच्या बाकावर निजवलं. शेपटी वर, म्हणून बाक पुढे कललेलं. ती सारखी कडेला घसरायची, काशीनं तिला हातानं धरून ठेवलं. त्यात प्रत्येक खड्ड्याला ती कडक कमान तिला वर फेकायची. वेशीपर्यंत जाऊन हिरामणनं गाडी वळवली.

कृष्णाबाईनं दातांखालचा पदर काढला. "बरं वाटलं," म्हणाली, "जरा वारा लागला."

दुसऱ्या दिवशी तो पेणला तुळशीराम मिस्त्रीच्या छपरात जाऊन बसला.

"मागून तीन बोटं खाली आन. सपाट पायजे," हिरामण म्हणाला.

तुळशीरामनं दोन वाटा सांगितल्या. "ह्याच लष्करी कमानीतले दोन पाटे काढतो. खाली बसंल, पर मऊ व्हायची न्हाय. न्हायतर ही बंगल्यावरच्या गाडीची जोडी बग. पातळ हाय, मऊ हाय. पर मंग टोपल्या इसर."

"पातळ बसव."

"धंदा बसंल रं तुझा."

"बायको न्यायची हाय, बोंबील न्हाय."

पातळ जोडी चढली. मिठागरात वाफा सपाट झाला का ते डोळ्यानं बघत नाहीत, पाण्यानं बघतात. हिरामणनंही बाकावर फळी टाकली, फळीवर परात ठेवली आणि तीत दोन बोटं पाणी ओतलं. पाणी एका कडेला गेलं. कमान पुन्हा सोडली, पुन्हा बसवली. तिसऱ्या खेपेला पाणी चारी कडांना सारखं उभं राहिलं.

"गाडी हाय का देव्हारा?" तुळशीराम म्हणाला. हिरामण पाण्याकडे बघत राहिला.

चैत्रातली अष्टमी, देवीची तिथ, म्हणून तो दिवस त्यानं धरला. पुढे काशी, मागे गोधडीवर कृष्णाबाई, आणि शेपटीत आईसाठी गोणभर मीठ. रोह्याकडचा रस्ता खराबच होता, पण ती घसरली नाही. मध्ये एकदा तिला चक्क डुलकी लागली. हिरामण आरशात बघून गाडी आणखी हळू हाकू लागला.

आगरदांड्याला खाडी लागली. दोन होड्या जोडून त्यांवर फळ्या टाकलेल्या, त्यावरून मोटर पलीकडे दिघीला जायची. पुढची चाकं फळीवर चढली आणि मागून खर्र आवाज आला. शेपटी जमिनीला टेकली होती. गाडी मागे घेतली, मीठ उतरवलं, काशी उतरली. तरी तेच. सपाटी बघितली होती ती रिकाम्या गाडीची. वाफ्याची जमीन ओझ्यानं दबत नाही, मऊ कमान दबते.

होडीवाला धर्मा वाकून बघत म्हणाला, "इतकी वर्सं तुझा इंचू कवाबी चढायचा. आता कासव करून आनलंस."

"भरतीला थांबतो. होडी वर आली की फळी आडवी होईल."

"आज तिथ काय?"

उत्तर गाडीतून आलं. "अवं, अष्टमीला भांगाचं पानी. ना धड चढत, ना धड उतरत. मिठागराच्या पोराला हे बायकोनं सांगायचं व्हय?"

ते खरंच होतं. उधाणाचं पाणी आगरात घेण्यावर ज्या घराचं पोट चाललं, त्या घरचा मुलगा परातीतलं पाणी बघत बसला आणि समुद्राचं विसरला.

"ठोकळे लावून चढवू का?" त्यानं विचारलं.

"चढवशील. दिघीला उतरताना पोट आडकलं, तर बाई पान्यात. मी न्हाय नेनार," धर्मा म्हणाला. "पुनवेच्या दुपारी ये."

सात दिवस. हिरामण मोटारीच्या दाराशी उकिडवा बसला. बायकोकडे बघायचा त्याला धीर होईना. "चुकलं माझं. परत जाऊ या का?"

कृष्णाबाई काचेतून पलीकडे बघत होती. "त्यो दुसरा डोंगुर दिसतो ना, त्याच्या मागं आमचं घर," ती म्हणाली. "मी मागं जायची न्हाय."

धर्मानं आपली ओटी झाडून दिली. पलीकडे जाणाऱ्या एका गाडीवानाबरोबर निरोप धाडला. तिसऱ्या दिवशी तोच गाडीवान उत्तर घेऊन आला. ओटीसमोर उभा राहून, म्हातारीच्याच सुरात त्यानं ते सांगितलं, "तीन वर्सं थांबले, चार दिसांनी काय मरत न्हाय. पर जावयाला म्हनावं, पंचांग बगून निगत जा."

काशी पदर तोंडाला लावून हसली. हिरामणनं मान खाली घातली. कृष्णाबाई हसता हसता रडली, मग तिनं डोळे पुसले.

"गेल्यावर आये आजून काय बोलली?" तिनं विचारलं.

"काय न्हाय. मी निगालो तवा दारात येऊन बसली हुती. दिसत न्हाय, तरी हिकडंच तोंड करून."

कृष्णाबाई नवऱ्याला म्हणाली, "अवं, माजं अंथरून जरा फिरवा. मला खाडीकडं तोंड करून निजवा."

हिरामण आणि धर्मानं फळी दोन्हीकडून धरली आणि तिला हळूच वळवलं. पुनवेला अजून चार दिवस होते.