आधी वीस, मग चार

सुनंदाताई शिर्के गेली सव्वीस वर्षं ग्वाल्हेरच्या शाळांमध्ये पंच म्हणून बास्केटबॉलचे सामने खेळवत आल्या होत्या. थाटीपूरच्या बाजारातला भाजीवाला म्हणायचा, भाव जास्त सांगितला की ह्या बाई फाउल देतात.

पूर्वी मुलींच्या पाठीवर चार ते पंधरा एवढेच नंबर असत. नव्या नियमाने नव्याण्णवपर्यंत कुठलाही नंबर चालू लागला आणि पंचांची खूणही बदलली: आधी हाताची पाठ दाखवून दशकाचा आकडा, मग तळवा दाखवून एककाचा. इथेच घोडं पेंड खात होतं. आपल्या तोंडी चोवीस म्हणजे आधी चार, मग वीस. ताईंचा हात तोंडाच्या शब्दाबाहेर नव्हता. तो आधी चारच काढायचा.

त्यात पन्नाशीपुढच्या पंचांची पुन्हा परीक्षा निघाली. नापास झालं की शिट्टी गेली, टेबलाशी बसून गुण लिहायचे. ताईंनी घरीच सराव सुरू केला.

त्यांची मुलगी यशश्री पोळ्या लाटता लाटता आकडे सांगायची आणि ताई ओट्याजवळ बोटं नाचवायच्या.

"आई, फिर से उलटा केलंस. आधी वीस दाखव, मग चार."

"अगं, चौबीसमध्येपण चार पहलेच येतो." ताईंनी हिंदीवरही खापर फोडलं.

परीक्षेचा सामना खराच होता, आंतरशालेय मुलींचा. इंदूरहून आलेले परीक्षक मधुसूदन सर वही घेऊन कडेला बसले. ताई झकास खेळवत होत्या. शेवटच्या दोन मिनिटांत चोवीस नंबरच्या गरिमाने धक्का मारला. ताईंनी शिट्टी दिली, टेबलाकडे वळल्या आणि गडबडीत हात दाखवला: चार, दोन.

टेबलावर बेचाळीस लिहिलं गेलं. बेचाळीस म्हणजे गरिमाच्याच संघातली सोनिका, आधीच चार फाउल झालेली. पाचवा लागला की खेळाडू बाद, म्हणून ती रडत बाहेर निघाली.

ताईंना चूक कळली. सर वहीत मान घालून बसले होते. गप्प राहिलं असतं तर खपून गेलं असतं. पण त्या पोरीचं रडणं ताईंना बघवेना. त्यांनी खेळ थांबवला आणि टेबलापाशी जाऊन सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं, "गलती मेरी है. फाउल चौबीस का है. बेटा, अंदर आओ."

सरांनी मान वर केली आणि काहीतरी लिहिलं. संपलं सगळं, ताईंना वाटलं.

सोनिका डोळे पुसत धावत आली आणि त्याच उत्साहात अर्ध्या मिनिटात समोरच्या मुलीच्या हातावर सपकन मारून बसली. शिट्टी वाजली. ताईंनी मनाशी 'चाळीस आणि दोन' म्हटलं. हाताची पाठ, चार, तळवा, दोन.

सोनिकाने जीभ चावली. "अब तो मेरा ही है, मैडम," म्हणाली आणि हसत हसत बाहेर गेली. सगळं मैदान हसलं.

सामना संपल्यावर मधुसूदन सर जवळ आले. "ताई, मी स्वतः तीन वर्षं उलटे आकडे दाखवलेत," ते हळूच म्हणाले. "कबूल एकदाही केलं नाही. उद्याची फायनल तुम्ही घ्या."