गोटीकाकाच्या सहा साड्या

गोटीकाका गेला तेव्हा शिरवण्यात त्याच्या नावावर एक खोली पन नव्हती. एके काळी सहा फ्लॅट होते. मानूस सोन्यासारखा, पन व्यवहाराचं डोकं देवानं द्यायलाच विसरलेला.

झालं असं. काकाच्या बापाची जमीन सिडकोनं घेतली, बदल्यात साडेबारा टक्क्यांचा प्लॉट दिला. बांधायला पैसा कुठाय? काकाकडं एक खटारा स्कूटर. मग रावसाहेब बिल्डर आला. बोलला, "प्लॉट तुमचा, पैसा माझा. चौदा फ्लॅट, निम्मे निम्मे." आता रावसाहेबाचा पैसा पन त्याचा नव्हताच, बँकेचा होता. आनि बँक बोलली, वारसात बहीण हाय, तिचा हक्कसोड आना, मगच लोन.

बहीण म्हंजे गोजराआत्या, मोरा गावात दिलेली. आमच्यात याची रीतच हाय. भाऊ साडी नेतो, बहीण हक्क सोडल्याची सही करते, दोघं रडतात, मग मटन शिजतं.

काका रविवारी साडी घेऊन मोऱ्याला गेला. आत्यानं जिताड्या माशाचं कालवन वाढलं. काका दाबून जेवला, ढेकर दिला, पन सहीचं तोंडातून निघेना. कागद खिशातच. साडी मात्र हातात, तिचं काय करनार?

"सहज आनली गो," बोलला आनि घरी आला.

सोमवारी रावसाहेब दारात. "सही?"

"पुढच्या रविवारी."

असे सहा रविवार. सहा साड्या, सहा जिताडे. काकाचं पोट सुटलं, प्लॉटवर गवत माजलं.

काकाचा पोरगा केतन वैतागला. "बाबा, तुमी सही आनायला जाता का चरायला?"

"तिच्या हातचा खाऊन तिलाच 'सोड' कसा बोलू रे?"

सातव्या रविवारी काका साडीविनाच गेला, तर आत्यानं सहाच्या सहा साड्या ओटीवर मांडल्या.

"दादूस, भावबीजेला तुनं मना कधी ब्लाउजपीस दिला नाय. एकदम सहा साड्या? दरोडा घातलास, का हक्कसोड पायजे?"

काकानं कागद काढला. घामानं पार लगदा झालेला.

"सही केलीस तरी तुझा मायेर तुटत नाय गो."

"मंग कागदावर काय लिवलाय? वाच."

काकाला वाचता येत नव्हतं, हे तिला चांगलं माहीत. काका सहीच्या आधीच रडायला लागला. रीत सगळी उलटी झाली.

"सोडनार नाय," आत्या बोलली. "निम्मा हक्क हाय माझा. एक फ्लॅट माझ्या नावानं लिव, मंग पायजे तिथं सही घे. साड्या ठेवते."

तसा करार झाला, बँकेचं लोन सुटलं. केतनच्या अंगाचा तिळपापड. "आत्याला वन बीएचके? एका सहीचा?"

"सहीचा नाय, सहा जिताड्यांचा," काका बोलला.

बिल्डिंग झाल्यावर केतनला चैन पडेना. "बाबा, सहा फ्लॅट नुसते पडून हायेत. गहाण टाकू, उलव्यात मोठा प्रोजेक्ट करू. याला लिव्हरेज बोलतात."

"म्हंजे काय?"

"दुसऱ्याच्या पैशानं आपली बिल्डिंग."

काकानं सही केली. या वेळी अर्ध्या तासात. साडी नाय, कालवन नाय. उलव्यात पाया खोदला, त्यात पानी भरलं, बेडकांचा प्रोजेक्ट मस्त चालला. बँकेनं सहाचे सहा फ्लॅट नेले. केतन पावणे गावात सासऱ्याकडं जाऊन राहिला.

आनि काका? पहिल्या मजल्यावर, आत्याच्या फ्लॅटमधी. चार वर्सं. दारावर पाटी 'गोजरा'. कोनी विचारलं तर सांगायचा, "बहिनीकडं पावना हाय." आत्या दर रविवारी मोऱ्यावरून डबा घेऊन यायची. काका दारातच विचारायचा, "सही कुठं करू?"

"जेव आधी, मुडद्या."

खरंच मुडदा झाला तो पन रविवारीच. आत्या बसमधी होती, डबा मांडीवर.

तेराव्यानंतरच्या रविवारी केतन मोऱ्याला आत्याकडं गेला. हातात पिशवी, पिशवीत साडी, खिशात कागद.

"सहज आनली, आत्या."

आत्यानं साडी घेतली, कपाटातल्या सहा साड्यांवर ठेवली. मग त्याच्या फुगलेल्या खिशाकडं बघितलं.

"तुझा बापूस सहा रविवार आला, तवा सातव्याला मी इचारला. तुझा आज पयलाच हाय. बस, जेव."

केतन बसला. काकाचंच ताट होतं.