आमच्या साडूंच्या दोन रेघा

अख्ख्या कोल्हापुरात आमच्या साडूंइतका सरळ माणूस नाही आणि त्यांच्याइतक्या वाकड्या रेघाही कोणी काढत नाही. शिरोली एमआयडीसीतल्या एका खोलीत बसून हा गृहस्थ सर्किट बोर्डावरच्या तांब्याच्या रेघा आखतो. त्यातही वेगवान सिग्नलच्या जोड्या म्हणजे त्यांचा जीव की प्राण. एकच निरोप दोन रेघांतून पळतो, एकीतून सुलटा, दुसरीतून उलटा. दोघींनी शेजारीशेजारी धावायचं आणि एकदमच पोचायचं. एक आखूड पडली, की लांबी सारखी होईस्तोवर तिला नागमोडी वळणं द्यायची. केसभर फरक राहिला तर साडू जेवत नाहीत. एकदा मी बनवत असलेल्या कॅमेऱ्याच्या बोर्डावर मी नेमकं जोडीच्या मधोमध स्क्रूचं भोक मागितलं, तर कडाडले, "पावणं, नवराबायकोच्या मधी खांब रोवतायसा व्हय?"

आणि आता गंमत ऐका. ह्याच माणसाच्या बायकोचं, म्हणजे आमच्या अक्काचं, गुडघ्याचं ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी बजावलं, रोज चाला, नाहीतर पाय कायमचा आखडेल. पण अक्का उंबऱ्याबाहेर पाऊल टाकेना! कारण साडू जन्मभर तिच्या वीस पावलं पुढं चालत आलेले. नृसिंहवाडीला हे दर्शन उरकून परत आले, तेव्हा ती अजून चप्पल काढत होती. "ह्येंच्या पाठीकडं बघत चालायला मी काय मेंढरू हाय? न्हाय जात!" तिनं तोंडावर सांगितलं.

मी चिडलो. "केसभर फरक सोसत नाही म्हणता, आणि इथं वीस पावलं?" जरा जास्तच बोललो, असं मलाच वाटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी दोघं रस्त्यावर दिसली. अक्का वॉकर टेकत कडेनं सरळ, सावकाश. आणि साडू शेजारी नागमोडी! तीन पावलं बाहेर, तीन पावलं आत. रिक्षावाला ओरडला, "काका, सकाळीच घेतलीया काय?" साडूंनी ढुंकूनही पाहिलं नाही, नजर तिच्या पायाकडं. कोपऱ्यावरच्या डेअरीपाशी दोघं एकदमच पोचली. "सरळ चाला की, लोकं बघत्यात," अक्का म्हणाली, पण हसत होती.

त्याला चार वर्षं झाली. तिचा गुडघा आता ठणठणीत आहे. साडूंनाच दम लागतो. परवा पाहिलं, तर कडेनं सरळ, सावकाश साडू चालले होते, आणि पदर खोचून अक्का नागमोडी. खरं सांगतो, मला हाक मारवली नाही.