सोवळ्यातली गाडी

मॉरिशसमधल्या पितों गावात आमच्या घरासमोर पहिली गाडी उभी राहिली तेव्हा मी कॉलेजात होते, आणि माझं तोंड तेव्हाही बंद राहत नसे. गाडी लांबलचक, मागचं दार वर उघडणारं, उंचावरच्या, पावसाळी क्युरपिप शहरातल्या एका डॉक्टरकडून जुनी घेतलेली. डॉक्टर तिला फक्त नाताळच्या सुट्टीत समुद्रकाठच्या बंगल्यावर न्यायचे. एरवी ती शेडात. वय बरंच, पण चाललेली जेमतेम. पायाखाली वाळू आणि आत क्युरपिपच्या पावसाचा कुबट वास. बाबा मात्र सून घरात आल्यासारखे खूश.

गाडी खरं तर आईसाठी घेतली होती. तिचे गुडघे धरलेले, आणि आमचा गणपती समुद्रावर जायचा तो उसाच्या लॉरीतून. लॉरीवर चढणं तिला जमेना. ज्याच्यासाठी हौसेने मोदक वळायचे त्याला अंगणातूनच निरोप द्यायचा आणि रिकाम्या मखरासमोर एकटीने बसायचं, असं कित्येक वर्षं चाललं होतं. मला ते बघवत नसे. या वर्षी आई समुद्रावर येणार म्हणजे येणार, असं बाबांनी जाहीर केलं.

पण बाबांचं डोकं! गाडी गणपतीच्या निमित्ताने घेतली, तर पहिला मान गणपतीचा. तोवर तिच्यात कुणी बसायचं नाही. इतकी कमी चाललेली, जवळजवळ कोरी गाडी आपण उगाच कशाला विटाळायची? झालं, गाडी सोवळ्यात गेली. बाबा स्वतः बसच्या दारात लोंबकळत गुडलँड्सला कामावर जायचे आणि संध्याकाळी परत आले की तिची सेवा. खालचा गंज खरवडून रंग दे, चकचकीत पट्ट्यांना खोबरेल चोळ, साखर कारखान्याची काजळी पडू नये म्हणून वरून गोणपाट घाल. मी म्हटलं, एवढे आईचे पाय चेपले असते तर गाडी लागलीच नसती. बाबा हसले, पण किल्ली काही हलली नाही.

विसर्जनाच्या दुपारी मूर्ती पाटासकट मागे ठेवली. आई नवी साडी नेसून पुढे बसली. बाबांनी किल्ली फिरवली, तर नुसती कटकट. महिनोन्महिने उभी राहून बॅटरी पार उतरली होती. बाबांचा चेहरा पडला. आई उतरायला दाराची कडी चाचपू लागली.

"तू बस," मी म्हणाले. "कोण उतरवतं तुला ते बघतेच."

मग सगळं गाव गाडी ढकलायला भिडलं. उसामधल्या उतारावर तिने एकदाचा काळा धूर सोडला आणि सुटली. थांबवली तर बंद पडेल, म्हणून बाबा थांबेचनात. दरवर्षी झाकरीचा फेर धरून नाचणारे पुढे आणि देव मागून, सावकाश. त्या दिवशी देव पुढे पळाला आणि आम्ही टाळ-ढोलकी घेऊन, धापा टाकत, गात गात मागे! माझी तर हसून हसून मुरकुंडी वळली. खिडकीतून मागे बघत आईही पदर तोंडात कोंबून हसत होती. शेवटी मागून येणाऱ्या लॉरीने आम्हाला उचललं.

समुद्रावर बाबांनी इंजिन चालूच ठेवलं आणि चार जणांबरोबर पाट उचलला. आईने वाळूवर बसून बघायचं, असं ठरलं होतं. तिने चपला काढल्या आणि सरळ पाण्यात शिरली.

"अगं, गुडघे!" बाबा ओरडले.

"पाण्यात नाही हो दुखत," ती म्हणाली आणि पाटाखाली हात घातला.

कमरेइतक्या पाण्यात मूर्ती खाली गेली. एकेकाचे हात सुटले, तिचे सुटेनात. मूर्तीबरोबर तीही वाकत गेली, खांदे गेले, डोकं गेलं. आम्ही श्वास धरून उभे. मग वर आली ती केसांपासून निथळत, दोन्ही हात मोकळे, आणि इतकं हसत की तिला उभंच राहता येईना.