चार जीबी राम

माझ्या सासरी कुठलीही मोठी वस्तू जाणकार माणसाशिवाय विकत घेत नाहीत. म्हैस असो, फ्रीज असो, मुलगी बघायला जायचं असो, बरोबर एक जाणकार असतोच, आणि तो दरवेळी एकच असतो, माझे धाकटे दीर. मुरगूडला त्यांचं खतं-बियाण्यांचं दुकान आहे. जाणकार व्हायला काही जाणावं लागत नाही, हे मला लग्नानंतर लवकरच कळलं. आवाज मोठा लागतो आणि समोरच्याचं बोलणं मध्येच तोडता यावं लागतं. हे दोन्ही गुण दिरांकडे उदंड आहेत.

मला जुना लॅपटॉप घ्यायचा होता. नवऱ्याला हे सांगितलं तेव्हा तो पेपर वाचत होता. पेपर खाली न घेताच तो म्हणाला, "रविवारी भाऊ येणार आहे. त्याला बरोबर घेऊ." भाऊ कशाला, असं मी विचारलं. तर म्हणाला, "त्याच्या दुकानात कॉम्प्युटर आहे." माझ्या घरात गॅस आहे म्हणून मी पेट्रोल पंप चालवू शकते, असं आजवर मला तरी कधी वाटलेलं नाही.

लॅपटॉप हवा होता तो एका पुस्तकासाठी. माझं माहेर चंदगडच्या टोकाला, सीमेला चिकटून. शाळा मराठी, आईची भाषा कानडी. मी जन्मभर मराठी शिकवलं, निवृत्त झाले आणि एका प्रकाशकाने एका जुन्या कानडी कादंबरीचं भाषांतर कराल का म्हणून विचारलं. पुस्तक बाजारात मिळत नव्हतं. कुणीतरी पानांचे फोटो काढून त्याची फाइल केली होती, तीच त्यांनी पाठवली. अट एवढीच, की हाताने लिहिलेलं चालणार नाही. पहिली तीन प्रकरणं टाइप करून ईमेलने पाठवा, पसंत पडली तर पुस्तक तुमचं, नाहीतर बेळगावचे एक सर आहेत, ते तयारच आहेत.

ते पुस्तक मला हवं होतं. उगाच लाजून सांगत नाही, फार हवं होतं. शाळा सुटल्यापासून मला कुणी काही विचारलेलंच नव्हतं. आज भाजी कुठली करायची, हेसुद्धा आता नवरा मंडईतून ठरवूनच यायचा. आणि इथे एक परका माणूस मला दोन भाषा येतात म्हणून माझ्याकडे काम घेऊन आला होता. ते बेळगावच्या सरांना मिळालं असतं तर मी उरलेलं आयुष्य शेंगा फोडत बसले असते.

आधी मी एका टायपिंगवाल्याकडे पहिल्या प्रकरणाचे कागद दिले होते. त्याने 'निःश्वास'चा सगळीकडे 'विश्वास' केला. त्यामुळे नवरा मेलेली ती बिचारी नायिका दर पानावर विश्वास टाकत बसली होती. कुणावर, ते कळायला मार्ग नव्हता. तेव्हा ठरवलं, आपणच टाइप करायचं.

तर रविवारी आम्ही तिघं राजारामपुरीतल्या एका दुकानात गेलो. कंपन्यांच्या ऑफिसांतून काढून टाकलेले लॅपटॉप तिथे झाडूनपुसून विकायला ठेवतात. दुकानदार तिशीचा, केसांना भरपूर जेल लावलेला. दिरांनी आत पाऊल टाकल्या टाकल्या त्याने ओळखलं की बोलायचं ते ह्यांच्याशीच. "या पावणं, बसा," म्हणाला. नवऱ्याला खुर्ची दिली. मला भिंतीवरचं कॅलेंडर दिसेल अशी जागा मिळाली.

"कशाला पायजे?" दुकानदाराने दिरांना विचारलं.

"वैनीला पायजे. किरकोळ काम हाय. जरा टायपिंग, जरा यूट्यूब."

यूट्यूबचं नाव मी काढलं नव्हतं. पण माझ्या वयाच्या बाईने लॅपटॉप मागितला म्हणजे तिला वांग्याच्या भरिताचे व्हिडिओ बघायचे असणार, हे त्या दोघांनाही पटलेलं होतं.

त्याने एक काळा लॅपटॉप काढला. झाकणावर कुठल्याशा कंपनीचा चिकटवलेला नंबर अर्धवट खरवडलेला. दिरांनी तो हातात घेऊन वजन बघितलं. मग झाकण उघडलं, मिटलं, परत उघडलं, बिजागऱ्या वाजतात का ते कान लावून ऐकलं. मागच्या बाजूला बोटाने टकटक केलं. नारळ असाच बघतात. नवरा कौतुकाने बघत होता.

"राम किती?" दिरांनी विचारलं.

रॅम म्हणायचं होतं. पण आमच्याकडे रॅमचा राम कधीच झाला आहे, आणि दुकानदारालाही त्यात काही वावगं वाटलं नाही. तो भक्तिभावाने म्हणाला, "चार जीबी राम हाय."

"ओरिजिनल राम न्हवं?"

"कंपनीचाच राम, पावणं. आपण हात लावलेला न्हाय."

ह्या दोघांच्या बोलण्यात काही राम नाही, हे मला तिथेच कळायला हवं होतं, आणि कळलंही. मी म्हणाले, "मला आठ हवा."

दीर हसले. दुकानदाराकडे बघून हसले, म्हणजे त्यानेही हसावं. तो हसला.

"वैनी, आठ राम कशाला? रामराज्य चालवायचं हाय व्हय? चार लय झालं. आणि ह्यो बगा, पाचशे जीबीची जागा हाय ह्यात. अख्खं कोल्हापूर मावंल."

हा माणूस दुकानातला बिलांचा कॉम्प्युटर मुलाला चालवायला लावतो आणि स्वतः शेजारी बसून 'एंटर मार, एंटर मार' म्हणतो. प्रकाशकाकडच्या ऑपरेटर बाईंनी मला फोनवर सगळं नीट समजावून सांगितलं होतं. मी म्हणाले, "भाऊजी, जागा म्हणजे कपाट. रॅम म्हणजे ओटा. कपाट कितीही मोठं असलं तरी स्वयंपाक ओट्यावरच करायचा असतो. मला एका बाजूला कानडी पान उघडं पाहिजे, एका बाजूला मराठी, आणि मध्ये शब्दकोश. वीतभर ओट्यावर मी हे कुठे मांडू?"

दुकानदार म्हणाला, "मॅडम बोलत्यात ते बरोबर हाय." आणि हे वाक्य त्याने दिरांना सांगितलं. मी तिथे नव्हतेच. पुढे म्हणाला, "आठचा हाय एक, पण जरा वर जाईल. ह्यात नंतर वाढवता येत न्हाय, राम बोर्डालाच चिकटलेला हाय."

पैसे माझ्या पेन्शनचे होते. नवऱ्याच्या खिशात होते, कारण बाजारात पैसे बायकांनी बाळगू नयेत असं त्याला वाटतं, पण होते माझे. मी पुढे काही बोलणार तेवढ्यात दीर म्हणाले, "एकावेळी एकच उघडा की, वैनी. घाई काय हाय?" आणि दुकानदाराकडे वळून, "चहा सांगा."

आमच्याकडे जाणकाराने चहा सांगितला की व्यवहार झाला. मग कुणी बोलत नाही. चहा येतो, सगळे फुर्र फुर्र करून पितात आणि पैसे मोजले जातात. चहा झाल्यावर मागे फिरणाऱ्याला आमच्या सासरी माणूस म्हणत नाहीत. मी तो चहा प्यायले नाही. कपावर साय धरेपर्यंत तसाच ठेवला. तिघांपैकी कुणाच्याही ते लक्षात आलं नाही. घरी येताना नवरा म्हणाला, "हलक्याच कामाला तर हवाय तुला." मला इतका राग आला होता की मी फाट्यापर्यंत रिक्षाच्या मीटरकडे बघत राहिले.

घरी आल्यावर त्या डबड्याने आपले गुण दाखवायला सुरुवात केली. सुरू केलं की पडद्यावर एक गोल फिरत बसे. चहा ठेवावा, उकळावा, गाळावा, तरी गोल आपला फिरतोच आहे. आतला पंखा पिठाच्या गिरणीसारखा वाजे. नवरा टीव्हीचा आवाज वाढवी. बॅटरी नावापुरती, वायर काढली की डबडं मान टाकायचं. हे सगळं मी चालवून घेतलं असतं. पण कानडी पानांची फाइल उघडून शेजारी मराठी उघडली, की दोन्ही जागच्या जागी गोठत. लिहिलेली ओळ पुसून जाई. पानं छापून घेतली, तर फोटो इतके गचाळ काढलेले की कागदावर नुसते काळे पट्टे आले. पडद्यावर मोठं करूनच ते वाचता येत होतं. मोबाईलवर एक ओळ तीन वेळा सरकवावी लागे आणि डोळ्यांतून पाणी येई.

मी मुरगूडला फोन केला. जाणकार म्हणाले, "बंद करून चालू करा की." मी केलं. परत तेच. "मग परत करा की." ह्या माणसाच्या सल्ल्यावर तालुक्यातले लोक ऊस लावतात.

शेवटी जे व्हायचं तेच झालं. एकावेळी एकच. कानडी पान उघडायचं, एक परिच्छेद वाचायचा, पुन्हा वाचायचा, डोक्यात धरायचा. मग ते बंद करायचं, मराठी उघडायचं आणि डोक्यातून सांडायच्या आत लिहून काढायचं. मधल्या वेळात, गोल फिरत असताना, मी ते वाक्य तोंडाने घोळवत बसे. नवऱ्याने एकदा विचारलं, "जप करतीस काय?"

एका ठिकाणी कादंबरीतली जाऊ दुसऱ्या जावेच्या नव्या पातळावर जळते. कानडीत तिथे पोट जळतं, असं म्हणतात. टायपिंगवाल्याला दिलेल्या कागदांत, मोबाईलवर कानडी ओळ समोर ठेवून, मी सरळ लिहिलं होतं, 'तिच्या पोटाला आग लागली.' वाचणाऱ्याला वाटेल बाई उपाशी आहे. आता पान मिटलेलं होतं. डोळ्यांसमोर कानडी नव्हतंच. नुसती ती जाऊ होती, तिचं तोंड होतं, आणि हातून आपोआप लिहिलं गेलं, 'तिच्या पोटात दुखायला लागलं.' मराठीत मत्सर तिथेच होतो. एवढी वर्षं मराठी शिकवून मला हे कानडी समोर असताना सुचलं नव्हतं.

पण ह्याचं श्रेय मी त्या डबड्याला देणार नाही, आणि ते आणणाऱ्याला तर नाहीच. लंगड्या घोड्यावरून गेलेला माणूस पोचला, म्हणून घोडा चांगला होत नाही. चांगल्या यंत्रावर हेच काम अर्ध्या वेळात झालं असतं आणि माझी मान धरली नसती.

तीन प्रकरणं पाठवली. ऑपरेटर बाईंचा फोन आला, "आमचे सर म्हणतात, भाषा छान मोकळी आहे. पुढचं पाठवा." मी फोन ठेवला आणि स्वयंपाकघरात जाऊन नळ सोडून रडले. नवरा जेवायला बसला तेव्हा त्याला सांगितलं. "बरं झालं," म्हणाला. "आमटीला मीठ कमी आहे."

पावसाळा गेला, थंडी आली, तोवर पुस्तक पुरं झालं. शेवटचं प्रकरण पाठवून मी चार दिवस माहेरी अक्काकडे जाऊन आले. परत आले तर सोफ्यावर दीर बसलेले. समोर चकली-चहा. आणि सोफ्याच्या पायाशी त्यांच्या खतांच्या दुकानाची कापडी पिशवी, त्यात माझा लॅपटॉप. वायर गुंडाळून वर ठेवलेली.

मी पिशवीकडे बघितलं. नवरा म्हणाला, "तुझं झालं ना आता पुस्तक? भाऊच्या दुकानातला कॉम्प्युटर बिघडलाय. पडूनच राहणार होता हा."

मी जेमतेम दोन मिनिटं दारात उभी होते, पण त्या दोन मिनिटांत मला माझं पुढचं सगळं आयुष्य दिसलं. सकाळ, मंडईतून ठरवून आलेली भाजी, दुपार, टीव्ही. माझं झालं होतं ना. मला रडायला आलं नाही. मला त्या दोघांची किळस आली. भांडले असते तर जाणकाराने आवाज चढवला असता, नवऱ्याने पेपर वर घेतला असता आणि पिशवी मुरगूडला गेली असती. हे मला पाठ होतं.

"झालं नाही," मी म्हणाले. "दुसरं सुरू करणार आहे. ह्या वेळी भाषांतर नाही. माझं स्वतःचं."

"कशावर?" दिरांनी चकली मोडत विचारलं.

"तुमच्यावर, भाऊजी."

चकली हातातच राहिली. त्यांनी नवऱ्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. हळूहळू चेहरा फुलला. सदऱ्याची कॉलर नीट केली.

"माझ्यावर? म्हंजी सगळं? दुकान, माणसं, मी कुणाकुणाला काय काय घेऊन दिलं ते?"

"सगळं."

"फोटो छापतील न्हवं?"

"विचारते की."

त्यांनी स्वतः वाकून पिशवीतून लॅपटॉप काढला, टेबलावर ठेवला आणि वायर सोडून भिंतीच्या प्लगमध्ये लावून दिली. "घ्या वैनी, लिवा," म्हणाले. "आणि काय बी सोडू नगासा."