दादांचे हातमोजे

आमच्या खालच्या मजल्यावरच्या वहिनी मिक्सर, पंखे, इस्त्र्या दुरुस्त करतात. दुकानाच्या पाटीवर नाव नवऱ्याचं. गिऱ्हाइकाशी बोलायचा तो, आणि पडद्यामागे सोल्डरिंगचे डाग देत बसायच्या त्या. त्याने इंटरनेटवर दुरुस्तीचं चॅनेल काढलं तेव्हा दुरुस्ती करून दाखवणाऱ्या वहिनींना अट घातली, चेहरा दिसायला नको, आवाज नको, हातात मोजे हवेत. वहिनींनी मान्य केलं. बघणारे कारागीर चॅनेलवाल्याला 'दादा' म्हणत आणि घोडं अडलं की विचारत. उत्तरं वहिनी लिहीत, दादा म्हणूनच.

नवरा गेला. त्या दिवसांत त्याच्या सिमचं रिचार्ज कोणाच्या डोक्यात असणार? काही महिन्यांनी वहिनींचा फोन पडून फुटला. नव्या फोनवर चॅनेल उघडेना. कोड नवऱ्याच्या नंबरवर जाई, आणि तो नंबर कंपनीने दुसऱ्या कोणाला देऊन टाकला होता.

त्यांनी माझ्यासमोरच त्या नंबरवर फोन लावला.

"भाऊ, आत्ता एक कोड आला असेल. तेवढा सांगता का?"

"बाई, सकाळी सकाळी मीच सापडलो का? कोड कोणाला सांगायचा नाही, हे आमच्या आजीलासुद्धा पाठ आहे."

"अहो, हा नंबर आमच्या मिस्टरांचा होता."

"मग द्या की त्यांना फोन."

"ते नाहीत."

"आले की करायला सांगा," म्हणून त्याने फोन ठेवला. त्या माणसाचं चुकलं, असं मला म्हणता येत नाही.

वहिनींनी नवं चॅनेल काढलं. मोजे काढले, कॅमेऱ्याकडे बघून बोलल्या, "तुमचे दादा म्हणजे मीच." पंख्याची मोटार उघडून दाखवली. संध्याकाळी उत्तरं आली.

"ताई, दादांच्या नावावर दुकान मांडू नका."

"लाज वाटत नाही? दादांना कळलं तर?"

दुसरं वाचून त्यांनी फोन माझ्यापुढे धरला. "भावजी, ह्याला स्क्रू कुठल्या बाजूला फिरवायचा इथपासून मी शिकवलंय हो."

मी म्हणालो, "कंपनीला लिहू."

"काय लिहू? माझा पुरावा काय? हातसुद्धा दिसले नाहीत कधी."

आठवडाभर पडदा ओढलेलाच होता. मग एके दिवशी त्यांनी ते चॅनेल व्हिडिओसकट पुसून टाकलं, दादांच्या नावाने दुसरं सुरू केलं, ड्रॉवरमधून जुने मोजे काढले आणि कॅमेऱ्यापुढे तोंडातून शब्द न काढता एक मिक्सर उघडला.

तासाभरात व्हिडिओखाली, लाज काढणाऱ्या त्याच कारागिराचं उत्तर आलं. "दादा! कुठे होता इतके दिवस?"

वहिनींनी लिहिलं, "तब्येत बरी नव्हती."