डोळे मिटून घरची वाट

डॉक्टरांनी एक्स-रे खिडकीकडे धरला आणि म्हणाले, "सुभेदार, ऑस्टिओआर्थ्रायटिस आहे. डाव्या गुडघ्यातली गादी झिजून संपली. हाडावर हाड घासतंय." साताऱ्यातला तो दवाखाना क्षणभर माझ्याभोवती फिरला. माझं घर मेढ्याच्या वर, डोंगरात. एसटी खालीच थांबते, पुढे सगळा चढ. तो चढ सुटला की घर सुटलं.

सांगलीला नी रिप्लेसमेंट झालं. म्हणजे झिजलेली हाडाची टोकं काढून तिथे धातू आणि प्लॅस्टिकचा सांधा बसवतात. ऑपरेशन उत्तम झालं, पण पाय काही माझं ऐकेना. वाकव म्हटलं की भीतीनेच आखडायचा. डॉक्टर स्पष्ट बोलले, "वाकला नाही तर डोंगरातलं घर विसरा. मुलाकडे साताऱ्यात राहा."

फिजिओथेरपीच्या बाईंनी व्यायामाच्या जोडीला मेंटल प्रॅक्टिस सांगितली, म्हणजे मनातल्या मनात सराव. "डोळे मिटा आणि चाला. गुडघा वाकतोय, टाच टेकतेय, हे आतून जाणवू द्या." मला वाटलं, बाई माझी फिरकी घेतेय. तरी डोळे मिटले.

पंख्याची घरघर लांब गेली, औषधांचा वास विरला. लाल मातीचं मैदान आलं. कोवळ्या उन्हात बूट वाजू लागले.

"काका, मांडी केवढी ताठरलीय! कुठे चाललाय?"

"परेडला."

बाईंनी कपाळावर हात मारला. "नव्या गुडघ्यावर पाय आपटताय? मनात जसं चालाल तसंच शरीर शिकेल. घरी चला, सावकाश."

पण घरच्या वाटेवरही माझी परेडच. शेजारी बसलेली माझी बायको, हौसा, हसून म्हणाली, "आवं, गावात बी तुमी तसंच चालता. मी मागनं पळती. एकदा माझ्या मागनं या की."

मग मनात तिला पुढे केलं. धुक्यातून तिचं हिरवं लुगडं दिसायचं, ओल्या गवताचा वास यायचा. तिच्या चालीने चालताना गुडघा अलगद वाकायचा. मध्येच डोळा लागायचा आणि झोपेतही आम्ही चढतच असायचो. संसारात कधी नव्हे एवढी ती मला त्या दिवसांत आवडली, खरंच सांगतो.

हळूहळू खरा पायही वाकू लागला. दुखायचं, पण भीती गेली. त्या बाईंचे उपकार विसरणार नाही. तुमच्यावर ही वेळ आली तर हसू नका, डोळे मिटा. मात्र खरा व्यायामही चुकवू नका.

गावाखाली एसटीतून उतरलो. हौसा सवयीने मागे थांबली.

"हो म्होरं," मी म्हणालो.

काठी टेकत निघालो. गुडघा वाकत होता, वाट सरत होती. मग समोर नीट पाहिलं. मनातली हौसा सरळ चालायची. ही उजवा पाय ओढत होती.

"कवापासनं गं?"

"लय दिस झालं. तुमी म्होरं असायचा न्हवं."

मी तिला बांधावर बसवलं. तिचा गुडघा दोन्ही हातांत घेतला. चांगलाच सुजला होता.